भिशीची वही आणि क्रिप्टोचा वर्ग

भांडुपच्या आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी गेली नऊ वर्षे चालू आहे आणि तिची वही माझ्याकडे असते. मागच्या वर्षी त्यांतल्या एका मैत्रिणीने ‘पंचेचाळीस दिवसांत दुप्पट’ असे सांगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटात क्रिप्टोच्या नावाखाली साठ हजार रुपये घालवले. ‘तू हिशेबातली बाई, तुला तरी कळायला हवं होतं,’ असे ती म्हणाली, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण क्रिप्टो या शब्दापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हते. म्हणून केवळ स्त्रियांसाठी असलेल्या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गात मी चार हजार रुपये भरून नाव घातले.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊला असे. फोर्टमधल्या कचेरीतून निघून, सीएसएमटीहून धीमी लोकल पकडून, घरी येऊन कुकर लावेपर्यंत वर्गाची वेळ होई. पहिल्याच दिवशी कोणाचा तरी माइक चालू राहिल्यामुळे बिटकॉइन या पहिल्या क्रिप्टो-नाण्याचा जन्म आम्ही कुकरच्या शिट्ट्यांसह ऐकला. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला निबंध, 3 जानेवारी 2009 चा पहिला ब्लॉक, 2.1 कोटी नाण्यांची कमाल मर्यादा, एवढे मी टिपून घेतले.

ब्लॉकचेन, म्हणजे या नाण्यांच्या व्यवहारांची सार्वजनिक वही (ब्लॉक हे तिचे पान), मात्र मला समजली ती शिक्षिकेने करून घेतलेल्या एका खेळातून. एका चौकटीत आम्ही कोणताही मजकूर टाइप करायचा आणि संगणक त्यातून चौसष्ट अक्षरांची एक खूण काढून देणार. मी ‘भिशी’ असे लिहिले, मग पुढे एक पूर्णविराम दिला, आणि सगळी खूणच बदलली. आधीच्या खुणेशी तिचे काही साम्य उरले नाही. अशी प्रत्येक पानाची खूण पुढच्या पानावर उतरवलेली असेल आणि वहीची प्रत सगळ्यांकडे असेल, तर मागच्या पानावर मी गुपचूप केलेली खाडाखोड लगेच उघडी पडेल. (आमच्या वहीत अशी सोय नाही, तिथे सगळा भरवसा माझ्यावर आहे, हे त्या रात्री मला प्रथमच थोडे जड वाटले.) या धड्यानंतर मी मैत्रिणीला तिच्या व्यवहाराचा क्रमांक विचारला, कारण खरी खरेदी होऊन नाणी तिच्या नावे पाठवली गेली असती, तर त्या सार्वजनिक वहीत तशी नोंद सापडली असती. तिच्याकडे होता फक्त अ‍ॅपच्या पडद्यावरचा वाढत जाणारा आकडा.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही प्रत्येकीने मोबाइलवर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचे डिजिटल पाकीट, तयार केले. वॉलेट बारा इंग्रजी शब्द दाखवते. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून आलेले हे शब्द ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा पैसा. ते हरवले तर दाद मागायला बँकेसारखे कोणी नाही. फोटो काढायचा नाही, हे शिक्षिकेने तीनदा बजावले होते. मी दिनदर्शिकेच्या पानामागे बॉलपेनने शब्द लिहिले आणि भाकऱ्या करायला उठले. तेवढ्यात ‘आई, कागद हरवेल’ या काळजीने मुलीने त्याचा फोटो काढला आणि तो आपोआप क्लाउडवरही गेला. पासवर्डप्रमाणे हे शब्द बदलता येत नाहीत. नवे वॉलेट काढून जुन्यातले सगळे त्यात हलवावे लागते. माझ्या पाकिटात सरावासाठीचे, शून्य किमतीचे इथर (हे दुसरे क्रिप्टो-नाणे) होते, म्हणून शिक्षण फुकटात झाले.

कराचा वर्ग सर्वांत रंगला. ‘नवऱ्याला न सांगता केलं तर कळतं का?’ असे एकीने विचारल्यावर पडद्यावरचे निम्मे चेहरे हसले. उत्तर असे की, नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्स्चेंजवर खाते पॅनशी जोडलेले असते, विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो आणि तो प्राप्तिकराच्या पोर्टलवर दिसतो; तेव्हा विवरणपत्र नवरा भरत असेल तर त्याला कळणारच. शिवाय त्यानेच भेट दिलेले पैसे गुंतवले असतील, तर नफा सामान्यतः त्याच्या उत्पन्नात धरला जातो.

मी मात्र अडकले ते तोट्याच्या नियमापाशी. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि वर 4 टक्के उपकर आहे. एका नाण्यात चार हजारांचा नफा आणि दुसऱ्यात चार हजारांचा तोटा झाला, तर हाती शून्य येते, पण 1,248 रुपये कर द्यावाच लागतो, कारण तोटा त्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. बावीस वर्षे हिशेब लिहीत असूनही हे उदाहरण मी दोनदा मांडून पाहिले.

शेवटच्या वर्गाने माझा विरस केला. पाच आठवडे घाई करू नका असे सांगणाऱ्या शिक्षिकेने क्रिप्टो खरेदीच्या एका अ‍ॅपचा सवलतीचा कोड दिला आणि सवलत रात्री बारापर्यंतच असल्याचे सांगितले. मार्च 2023 पासून क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले असून एक्स्चेंजने संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, हे त्यांनीच शिकवले होते. म्हणून या अ‍ॅपची नोंदणी आहे का, असे मी विचारले. ‘नंतर कळवते,’ असे त्या म्हणाल्या. ते कळवणे राहूनच गेले आहे.

मी अजून एकही नाणे घेतलेले नाही. नव्या बारा शब्दांचा कागद बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्यांच्या डबीखाली ठेवला आहे, आणि शून्य रुपयांसाठी लॉकर कशाला, असे घरातले विचारतात. मैत्रिणीने सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण पैसे गेल्यावर दोन महिन्यांनी, लाजेपायी. या महिन्याची भिशी तिला लागली. ती रक्कम तिने मोजून पर्समध्ये ठेवली आणि वहीत सही करण्याआधी मागची चार पाने उलटून पाहिली.