आग खरी होती, मग ती प्रतीक कशी?

तृतीय वर्ष बी.ए.ला एली विझेल यांचं ‘नाइट’, पंधराव्या वर्षी नाझी छळछावणीत नेलेल्या ज्यू मुलाची आत्मकथा, शिकवत होते. प्रतीकांच्या तासाला मुलं गाइड वाचून आलेली असतात, त्यामुळे फळ्यावर यादी भराभर तयार झाली. रात्र म्हणजे निराशा, आग म्हणजे मृत्यू, आरसा म्हणजे हरवलेली ओळख. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, आग तर खरीच होती ना? मग तिला प्रतीक का म्हणायचं?”

पुढचे दोन्ही तास या एका प्रश्नावर गेले, आणि ते जायलाच हवे होते. कवी आपल्या अर्थासाठी वस्तू शोधून आणू शकतो. छळछावणीतून वाचलेला माणूस लिहितो तेव्हा वस्तू आधीच घडून गेलेली असते. त्याच्या हातात उरतं ते फक्त काय सांगायचं, कुठे आणि कोणत्या क्रमाने. म्हणून यादी पुसली आणि काम असं ठरवलं: वस्तू उचलायची, ती पुस्तकात जिथे जिथे येते ती पानं काढायची, आणि अर्थाबद्दल सगळ्यात शेवटी बोलायचं.

सुरुवात आगीपासून. १९४४ चा मे महिना, सिगेट या विझेलच्या गावाहून निघालेली गुरांच्या डब्यांची गाडी, एका डब्यात ८० माणसं. त्यांतल्या शेख्टरबाई रात्री किंचाळतात, “आग! मला आग दिसतेय!” बाहेर नुसता अंधार. लोक आधी समजावतात, मग त्यांना बांधतात, तोंडात बोळा कोंबतात, शेवटी त्यांच्या लहान मुलासमोर मारतात. गाडी ऑशविट्झच्या बिर्केनाउ छावणीला पोचते आणि धुराड्यातून ज्वाळा दिसतात. त्या वर्षी १५ मे ते ९ जुलै या काळात हंगेरीच्या ताब्यातल्या प्रदेशातून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना पाठवलं गेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. दाहभट्ट्या पुऱ्या पडेनात म्हणून उघड्या खड्ड्यांतही प्रेतं जाळली जात होती. म्हणजे आग इतिहासातली आहे. तिचं प्रतीक होतं ते मांडणीमुळे: किंकाळी आधी, ज्वाळा नंतर. मधल्या पानांवर वाचकही, त्या बाईंना गप्प करणाऱ्यांसारखाच, त्यांना वेडी समजत असतो. उत्तरपत्रिकेत नुसतं ‘आग = मृत्यू’ लिहिलं की हा सगळा क्रमच गळून पडतो.

सूपवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. बुना या ऑशविट्झच्याच उपछावणीतल्या एकाच प्रकरणात ते तीनदा महत्त्वाचं ठरतं. हवाई हल्ल्याच्या वेळी सुपाची दोन पातेली उघड्यावर राहतात. एक कैदी सरपटत तिथवर पोचतो आणि गोळी लागून मरतो, चेहरा सुपाने माखलेला. पुढे वॉर्सातल्या एका तरुणाला फाशी देतात, आणि त्या संध्याकाळी सूप नेहमीपेक्षा चांगलं लागलं, असं लेखक लिहितो. नंतर दोन मोठ्या माणसांबरोबर एका लहान मुलाला लटकवतात. वजनाने हलका, म्हणून त्याचा जीव अर्धा तास जात नाही. त्या रात्री सुपाला प्रेतांची चव होती.

“हा अलंकार कोणता?” विचारल्यावर निम्म्या वर्गाने ‘अतिशयोक्ती’ सांगितलं. मग दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली. बांधणी एकच: ती वेळ, ते सूप, ती चव. दोन्ही फाशीच्या प्रसंगाच्या शेवटी येतात, कुठेही भाष्य नाही. दुसऱ्या वाक्यातलं रूपक पहिल्या कोरड्या वाक्यावर उभं आहे. मला तर पहिलंच जास्त भयंकर वाटतं, कारण तिथे सांगणाऱ्या मुलाला मरण सवयीचं झालेलं आहे.

याच फाशीखाली “देव कुठे आहे?” या प्रश्नाला सांगणाऱ्या मुलाच्या आतला आवाज उत्तर देतो की तो इथे, या फासावर लटकतोय. यावरून ‘लेखक नास्तिक झाला’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पण छावणी रिकामी करताना कैद्यांना बर्फातून चालवत नेलं त्या पायपिटीत एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या बापाला, ज्यू धर्मगुरू रब्बी एलियाहूंना, मागे टाकून पुढे गेला हे लक्षात आल्यावर, ज्या देवावर आता विश्वास नाही त्याचीच विझेल प्रार्थना करतो: माझ्या हातून असं होऊ देऊ नकोस. हे पान वगळून श्रद्धेवर लिहिलेलं उत्तर मी अपुरं धरते.

लेखनाच्या सुरासाठी एकच जागा घेतली. ज्यूंना कपड्यावर लावावा लागणाऱ्या पिवळ्या ताऱ्याने कोणी मरत नाही, असं वडील म्हणतात, आणि लगेच कंसात लेखक विचारतो: बिचारे बाबा, मग तुम्ही कशाने मेलात? पुस्तकभर पंधरा वर्षांचा मुलगा बोलतो. इथे क्षणभर वडिलांचं मरण पाहिलेला मोठा माणूस डोकावतो. असा आवाज बदलला की समासात खूण करायची, हे मी कायमचं सांगून ठेवलंय. पहिल्या रात्रीच्या परिच्छेदात मात्र आवाज मुद्दाम चढतो. ‘मी कधीच विसरणार नाही’ हे सातदा येतं, आणि आयुष्याची जी एक लांब रात्र झाली तिच्यावरही सात शिक्के मारलेले आहेत. हा ज्यू प्रार्थनेसारखा ठेका आहे, म्हणून तो परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला.

उरला आरसा. सुटकेनंतर मुलगा त्यात स्वतःला पाहतो. १९५८ ची फ्रेंच आवृत्ती, आणि तिच्यावरून झालेली इंग्रजी, आरशातून पाहणाऱ्या प्रेतावर संपते. त्याआधी १९५६ मध्ये ब्यूनस आयर्सला निघालेल्या यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) आवृत्तीत मुलगा तो आरसा मुठीने फोडतो, आणि पुढे जगाच्या विसराळूपणावर संताप आहे. माणूस एक, आरसा एक, सूर दोन. मागच्या बाकावरच्या त्याच मुलीचं म्हणणं पडलं की फोडणंच खरं वाटतं. दोघातिघांना ते पटलं नाही. कोणती आवृत्ती बरोबर हे ठरवायचं नाही, आरसा न फोडल्याने शेवटच्या ओळीचं काय होतं तेवढं एका पानात लिहून आणा, असं सांगितलं. बहुतेकांनी आणलं, आणि त्यात ‘हरवलेली ओळख’ हे शब्द फारच थोड्यांनी वापरले होते.