दोन्ही वाट्यांचे आटे सरळ

मिलानमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात कित्येक वर्षे धूळ खात पडलेली बियांकी सायकल मी गेल्या हिवाळ्यात खोलायला घेतली, तेव्हा तिचा ‘चेलेस्ते’ हा प्रसिद्ध हिरवट-निळा रंग तेलकट काजळीखाली जेमतेम ओळखू येत होता. सर्वाधिक छळले ते सीटच्या दांड्याने. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की दोन धातूंच्या संपर्कामुळे गंज चढतो आणि दांडा नळीशी जणू एकजीव होतो. रोज थोडे तेल सोडत राहिल्यावर नवव्या दिवशी तो करकरत फिरला आणि नळीच्या तोंडाशी पांढरी भुकटी सांडली.

पेडलचा आस ज्यांत फिरतो त्या आटे पाडलेल्या वाट्या काढताना मात्र चूक माझीच झाली. इंग्लिश पद्धतीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. इटालियन पद्धतीत ३६ मिलिमीटर व्यासाच्या दोन्ही वाट्यांचे आटे सरळच असतात, त्यामुळे जुन्या सवयीने मी अर्धा तास उजवी वाटी सैल करण्याऐवजी आवळतच होतो. (चालवताना हीच वाटी आपोआप सैल होते, ही या रचनेची जुनी खोड.)

छर्रे नवे घातले. काम्पान्योलो कंपनीचे गिअर धुऊन तेच पुन्हा बसवले. रंग मात्र दिला नाही, शेजारच्या आजोबांना तो वेडेपणा वाटला तरी.