दीक्षित, दिवेकर आणि माझी नाईट शिफ्ट

आमच्या फॅमिली ग्रुपवर डाएटवरून दोन पक्ष आहेत. काका डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे, वहिनी ऋजुता दिवेकरांच्या. काका म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. वहिनींचं म्हणणं, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका. दोघंही बारीक झालेत, त्यामुळे वाद मिटायचं नाव नाही. माझी अडचण वेगळीच. मी सातपूरला एमआयडीसीत कामाला. आठवडा पालटला की शिफ्ट पालटते. रात्रपाळीत 'दिवसातून दोनदा' मधला दिवस कुठून कुठवर धरायचा?

मुळात मला बघून कुणी जाड म्हणणार नाही. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४, म्हणजे परदेशी तक्त्यात एकदम नॉर्मल. पण आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढेच जास्त वजन धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी लागते. माझी ९७ भरली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! तो फोटो पाहिल्यापासून मी वजनकाट्याचा नाद सोडला आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप उचलली. उपाशी राहून काटा खाली आणायचा तर माझ्याकडे आहे तेवढं मांसही जायचं, पोट तसंच.

फर्स्ट शिफ्टला काकांची पद्धत मला झकास जमते. अकराला डबा, संध्याकाळी साडेसातला जेवण, मधे काही आठवतही नाही. नाईटला तेच केलं तर पहाटे तीनला पोटात कावळे ओरडतात, सकाळी पित्त, आणि घरी आल्यावर दोन जणांचं मी एकटा खातो. तीनला कॅन्टीनमध्ये मिळतं काय, तर चहा, बिस्किटं आणि गार वडापाव. म्हणून नाईटच्या आठवड्यात मी पक्ष बदलतो. (काकांना सांगू नका.)

खरा फरक मात्र वेळापत्रकाने नाही, तेलाच्या कॅनने पडला. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन. हिशोब घातला तर माणशी रोज चाळीसेक मिली, म्हणजे सव्वातीनशेच्या वर कॅलरी नुसत्या फोडणीच्या आणि तळणीच्या. वर शेंगदाण्याचं कूट. मूठभर दाणे म्हणजे दीडशेच्या पुढे. आईने आधी डोळे वटारले, 'रस्स्याला तर्री नको तर मग पाणीच प्या.' मग हळूहळू कॅन दीड महिना पुरायला लागला. रविवारच्या मिसळीला हात लावलेला नाही. नाशकात राहून तेवढं तरी हवं.

एक गोष्ट गमतीची नाही. लाईनवरच्या एका मित्राला शुगरची गोळी चालू होती. कुणाचं तरी ऐकून त्याने सकाळचं खाणं बंद केलं, गोळी तशीच ठेवली. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, घामाने शर्ट ओला, बोलणं अडखळतंय. कॅन्टीनमधून साखर आणून पाण्यात घालून पाजली तेव्हा माणूस ताळ्यावर आला. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आपल्या मनाने हलवायच्या नाहीत, आधी डॉक्टर.

टेप सध्या ९१ वर आहे. या आठवड्यात नाईट. डब्यात मुगाची दोन धिरडी, दोन उकडलेली अंडी आणि बाटलीत ताक. लाईनवरची पोरं अंड्यावर टपलेलीच असतात, म्हणून आता चार नेतो.