समजा नळाला रोज पाणी आलं तर?

पोरांनी काही मनानं रचून सांगितलं की आपल्याकडं उत्तर ठरलेलं, थापा मारू नको बे, अभ्यास कर. मला हे पटत नाही. विचार करायचा म्हणजे तरी काय, जे समोर नाही ते डोळ्यापुढं आणायचं आणि असं केलं तर पुढं काय होईल ते बघायचं, एवढंच की. हप्त्यावर गाडी काढणारे एवढं करत असते तर बऱ्याच घरातली भांडणं वाचली असती, असो.

१९८८ सालचा एक प्रयोग मला लई आवडतो. मारिया डियास आणि पॉल हॅरिस या दोघांनी लहान मुलांना सांगितलं, सगळी मांजरं भुंकतात, रेक्स मांजर आहे, तर रेक्स भुंकतो का? नुसतं विचारलं की बरीच मुलं म्हणायची छे, मांजर कुठं भुंकतं का. पण तेच खेळातली गोष्ट म्हणून सांगितलं की हो, भुंकतो! म्हणजे खोटं-खोटं जग दिलं की तर्क जास्त नीट चालतो, आणि आपण समजतो कल्पनेत रमलेलं पोरगं वाया चाललंय.

आमच्या सोलापुरात, आमच्या गल्लीत, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आसपास हे रोज दिसतं. बांबूची काठी, तिला रंगीत कागद, झाला नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीत नेतात ती मानाची उंच सजवलेली काठी. तो धरणारे घालतात ती पांढरी बाराबंदी नाही म्हणून आजोबांचा पांढरा सदरा घालतात, तो गुडघ्याखाली येतो. वायगॉट्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की काठीचा घोडा करताना मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढायला शिकतं आणि अशा प्रत्येक खेळात नियम असतातच. इथं तर नियमच नियम, काठी टेकवायची नाही, मानाच्या क्रमानंच चालायचं, मध्ये घुसला तो बाद. वर्गात पाच मिनिटं शांत न बसणारं पोरगं इथं आपली पाळी येईपर्यंत गपगार उभं असतं.

परवा पाण्याचा दिवस होता, सगळे ड्रम भरत होते, तेवढ्यात लेकीनं विचारलं, मम्मी समजा नळाला रोजच पाणी आलं तर? मी फक्त मग? मग? करत राहिले. मग ड्रम विकून टाकू. मग बाथरूममध्ये जागा होईल. मग सगळे नळ तसाच सोडतील. मग उजनी धरणातलं पाणी लवकर संपेल. मग? मग परत चार दिवसाआड! आणि स्वतःच वैतागली, मग म्हणाली मीटर लावायला पाहिजे. मी काही शिकवलं नव्हतं हो.

शेजारच्या काकू म्हणतात अशानं पोरं उलट बोलायला लागतात. लागतात खरं. आता प्रत्येक गोष्टीला "समजा मी नाही केलं तर?" चालू झालंय, आणि तिथं मात्र मलाच खरंखुरं कारण शोधून सांगावं लागतं, नुसतं "मी सांगते म्हणून" चालत नाही.