पाकीट क्रमांक ५७

९ जून २०२४, रविवार. लेबर रूमच्या टेबलावर खाकी पाकीट ठेवलेलं, वर स्केचपेननं ५७. आत चिठ्ठी: गोळी की फुगा, ते तीच ठरवणार. माझा थिसिस एवढ्यावरच चालला होता. ४१ आठवडे उलटूनही कळा नसलेल्या बाईला कळा आणणाऱ्या मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडावाटे दर दोन तासांनी द्यायची, की गर्भाशयाच्या तोंडात फोलीचा फुगा टाकायचा. नागपुरात बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायांवर असाच अभ्यास झाला होता, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचंच बोट धरून आमचा साठ बायांचा लहानसा प्रयोग. चार केसेस उरल्या होत्या आणि गाइड मॅडम रोज एकच विचारायच्या, "किती झाले?"

बाई पहिलटकरीण, यवतमाळच्या बाजूच्या खेड्यातली, बाळंतपणाला माहेरी आलेली. कार्डावर एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, २७ ऑगस्ट २०२३, म्हणजे आज बरोबर ४१ आठवडे. सोनोग्राफी एकच, तीही आठव्या महिन्यातली, आणि तिच्या हिशोबानं बाळ अडीचेक आठवड्यांनी मागं. पण इतक्या उशिराच्या सोनोग्राफीत तीन आठवडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे फरक २१ दिवसांहून जास्त नसेल तर पाळीचीच तारीख धरायची असा नियम आहे. मी नियमानं वागले. संमतीपत्र वाचून दाखवलं, तिनं सही केली. साक्षीदार म्हणून तिच्या आईचा अंगठा घ्यायला शाई पुढं केली, तर त्या आईचं वेगळंच चाललेलं.

"काहून लेकरू नाई होऊन रायलं वो डॉक्टरीनबाई?"

"दिवस वर गेलेत मावशी. ऑगस्टच्या शेवटी पाळी आली होती ना हिला?"

"पोयाच्या पाडव्याले आली. मारबत काढली त्या दिवशी. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आले, इची अडचण, त ओवायाले मलेच उठा लागलं."

"तेच ते. पोळ्याचा दुसरा दिवस, २७ ऑगस्ट."

"ऑगस्टात कुठचा पोया? धोंड्याचा महिना नोता का त्या साली? जावयाले अनारसे केले, मंग महिनाभरानं पोया आला."

मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो; पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, मी इथं येऊन पाहिली. इथल्या बायका पाळीची तारीख सांगत नाहीत, सण सांगतात नाहीतर शेतातलं काम: नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सोयाबीन सोंगलं तेव्हा. म्हणून पहिल्या वर्षीच सिनिअरच्या वहीतली सणांच्या तारखांची यादी उतरवून मी ओपीडीच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली होती. ती यादी २०२२ ची. २०२३ ला अधिक श्रावण पडला. सण एरवी दरसाल अकराएक दिवस अलीकडे येतात. अधिक आला की एकोणीसएक दिवस पलीकडे जातात. पोळा १४ सप्टेंबरला होता, मारबत १५ ला. मोबाइलवर दोनदा पाहिलं.

कार्डावरचं अक्षर माझंच होतं. नोव्हेंबरात ही पहिल्यांदा आली तेव्हा मीच विचारलं, मीच काचेखाली पाहिलं, मीच लिहिलं आणि पुढं कंसात "खात्रीशीर".

१५ सप्टेंबरपासून मोजलं तर आज ३८ आठवडे २ दिवस. फरक १९ दिवसांचा, म्हणजे नियमाच्या २१ मध्ये आरामात बसणारा. सोनोग्राफी खरं सांगत होती.

बाळाचे ठोके, पाणी सगळं ठीक होतं. सिस्टरला म्हटलं, इंडक्शन रद्द, कळा आणायच्या नाहीत. त्यांनी भिवई उडवली. "मॅडम, केस हातची घालवता?" माझ्या थिसिसची काळजी त्यांना माझ्याहून जास्त.

मावशीला घरी पाठवताना पोट दुखलं, पाणी गेलं, बाळ कमी हललं तर लगेच या हे तीनदा सांगितलं. "मंग उगाच काऊन आणलं इतक्या दूर?" एवढं म्हणून ती पिशवी भरायला लागली.

रात्री आधीच्या ५६ केसेसचे प्रोफॉर्मे काढून बसले. आता कुठल्याही तारखेवर भरवसा नव्हता. त्या पावसाळ्यातल्या, सणावरून तारीख धरलेल्या आणि लवकरची सोनोग्राफी नसलेल्या तीन निघाल्या. दोन नागपंचमीच्या, एक राखीची. तिघींनाही आम्ही ४१ आठवडे म्हणून कळा आणल्या होत्या. एकीचं बाळ धाप लागल्यामुळे दोन दिवस एसएनसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, होतं. तेव्हा मला कारण सापडलं नव्हतं; "इतर" वर टिक केलं होतं. त्या खुणेकडे मी बराच वेळ बघत बसले.

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "यादी काढली का काचेखालून?" काढली नव्हती. मग तिन्ही केसेस वगळल्या, एथिक्स कमिटीला चुकीसकट पत्र लिहिलं, त्या तीन बायांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. धाप लागलेल्या बाळाच्या आजीनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मारबतीवाली २० तारखेच्या पहाटे आपसूक कळा घेऊन आली. मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. ५७ चं पाकीट त्याच आठवड्यात दुसऱ्या बाईसाठी फोडलं. तिच्या फाइलीत नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी होती.