पिवळ्या लगद्याची बादली

गेल्या मे महिन्यातला तो सोमवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. वेष्टने बनवणाऱ्या एका कंपनीची माणसे सकाळी अकराला आमच्या प्रयोगशाळेत येणार होती आणि उसाच्या चिपाडांपासून केलेले नॅनोसेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीचे तंतू अतिसूक्ष्म धाग्यांपर्यंत सुटे करून बनवलेले, जेल त्यांना दाखवायचे होते.

चिपाडे आम्ही दादरच्या एका रसवंतीवरून आणतो. कचराच तो, कसाही चालेल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात चिपाडात उरलेली साखर मुंबईच्या दमट उकाड्यात काही तासांतच आंबू लागते, शिवाय उसाबरोबर आले आणि लिंबूही चरकातून गेलेले असते; त्यामुळे पहिला अर्धा दिवस निवडण्यात आणि धुण्यातच जातो. कोरड्या चिपाडात सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मूळ पदार्थ, सुमारे ४० ते ४५ टक्के असते आणि उरलेला भाग मुख्यतः तंतूंच्या मध्ये भरलेल्या हेमिसेल्युलोजचा व त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या लिग्निनचा. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवल्यावर लिग्निन काळपट पाण्यातून निघते. मग सोडियम क्लोराइट आणि ॲसिटिक आम्लात ७० अंशांवर विरंजन करायचे, म्हणजे उरलेला रंग काढायचा, तेही वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच, कारण त्यातून निघणारा क्लोरीन डायऑक्साइड घशाला झोंबतो. त्या खेपेला आम्ही तीनदा विरंजन केले होते आणि लगदा पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र निघाला होता.

शनिवारी संध्याकाळी आमच्या एका विद्यार्थ्याने तो टिकावा म्हणून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. सोमवारी सकाळी ट्रेमध्ये नखासारखे कडक पापुद्रे होते. गरम पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून ते ग्राइंडरच्या दोन दगडांमध्ये सोडले. हे यंत्र जात्यासारखेच चालते, फक्त दगडांमधली फट मायक्रोमीटरमध्ये बसवावी लागते. पाच वेळा दळूनही बीकरच्या तळाशी रवाच बसला. पाणी उडून जाताना शेजारशेजारचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके घट्ट धरतात की पुन्हा भिजवले तरी ते पूर्वीसारखे फुगत नाहीत. कागदशास्त्रात याला शिंगासारखे होणे अशा अर्थाचे नाव १९४४ पासून आहे. मला ते ठाऊक होते. पण ओला लगदा वाळवू नये, ही सूचना आमच्या कार्यपद्धतीच्या वहीत नव्हती आणि ती वही मीच लिहिलेली आहे. त्या मुलावर ओरडले, याचे मला आजही वाईट वाटते.

साडेनऊ वाजता आमचे अटेंडंट काका म्हणाले, "मॅडम, ती पिवळी बादली ठेवलीय की मी फ्रिजमध्ये."

एकदाच विरंजन झालेला तो लगदा पिवळट राहिला म्हणून मी आठवड्यापूर्वी बाद केला होता. काकांनी मात्र तो टाकला नव्हता. ओला फडका घालून, वर झाकण लावून जपून ठेवला होता. दुसऱ्याच फेरीत तो दाटू लागला आणि पाचव्या फेरीनंतर बीकर उलटा धरला तरी आतले जेल जागचे हलले नाही. त्यात सेल्युलोज होते जेमतेम दोन टक्के, बाकी सारे पाणी.

पाहुण्यांनी ते बोटांत चोळून पाहिले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे पांढरे का नाही?" पांढरेपणासाठी किती रसायन आणि किती बादल्या पाणी लागते, हे मी सांगत राहिले, पण ग्राहकाला पांढरेच लागते, यावर ते ठाम होते. शेतातल्या आणि रस्त्यावरच्या टाकाऊ मालातून पर्यावरणाला झेपेल असे साहित्य हवे म्हणायचे आणि रंगावर मात्र अडून बसायचे, हे मला पटत नाही.

तरीही मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. पिवळा लगदा जमला तो ओला राहिला म्हणून, की त्यात हेमिसेल्युलोज उरले होते म्हणून? तंतूंच्या मध्ये राहून हेमिसेल्युलोज त्यांना चिकटू देत नाही, हे माहीत असलेले आहे. पण त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकदमच बदललेल्या होत्या, आणि अहवालात केवळ "ओलावा टिकवल्यामुळे" असे लिहून मी सही केली.

काल पुन्हा चिपाडे आणली आणि एकदाच विरंजन केले. अर्धा लगदा ओल्या फडक्यात ठेवला आहे. उरलेला अर्धा आज संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला.