रजेचं कारण: व्हायरल फीवर

फेब्रुवारीत तीन दिवस रजा टाकली, कारणाच्या जागी लिहिलं 'व्हायरल फीवर'. ताप बिप काही नव्हता. बदलापूरहून सीएसएमटीला जाताना, लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असताना अचानक छातीत जे धडधडायला लागलं, हातपाय गार, घाम, वाटलं संपलं, आता इथेच मरतेय मी. शेजारच्या काकूंनी पाणी दिलं, ठाण्याला धरून उतरवलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हार्ट ठणठणीत आहे, पॅनिक अटॅक होता, झोप किती होते?

झोप! मी बँकेत आहे हो. मार्च एंडिंगच्या आधी रिकव्हरी, वर इन्शुरन्स विकायचं टार्गेट, रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजचा आकडा?' आणि ज्याचा शून्य त्याचं नाव सगळ्यांसमोर. हे पुरुषांनाही आहेच, नाही कोण म्हणतंय. पण शेजारच्या काउंटरवरचा घरी जाऊन जेवायला बसतो आणि मी घरी जाऊन कुकर लावते. सरकारचा २०१९ चा टाइम यूज सर्व्हे आहे, कोणाचा वेळ कशात जातो याचा. त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्या कामात जातात, पुरुषांची ९७. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला ९७ पण जास्तच वाटतात. निदान खरं बोलला.

सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठमोहऱ्या टाकल्या, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. पण रात्री दोनला परत तेच. मग १४४१६ लावला, तो टेली मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, फुकट असतो आणि चोवीस तास चालू. मराठीत बोलायला मिळालं, मी पहिली पाच मिनिटं नुसती रडले, पलीकडची बाई थांबून राहिली. तिनेच सायकियाट्रिस्टला दाखवायला सांगितलं. आता गोळी चालू आहे, आणि डब्यात दाराजवळ उभी राहते, मोकळं वाटतं.

परवा डबा खाताना ब्रांचमधल्या एकीला हे हळूच सांगितलं. ती चपातीचा तुकडा हातात धरून बघतच राहिली, मग म्हणाली, मला दिवाळीनंतर झालं होतं, मी 'फूड पॉयझनिंग' लिहिलं.

येत्या गुरुवारी परत डॉक्टरकडे जायचंय. हाफ डे टाकलाय. कारण: दाढ दुखतेय.